काटकसर आणि कसर

जुनी वस्तू स्वस्तात घेणं ही काटकसर की उधळपट्टी? प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. आम्ही बी.कॉम. झालेली माणसं असल्या प्रश्नाच्या आधी दोन बाजू पाडतो. जमेला लिहितो, 'कोणीतरी टाकलेली वस्तू पुन्हा वापरात आली.' नावे लिहितो, 'घरात आणखी एक वस्तू आली.' दोन्ही बाजूंची बेरीज जुळते आणि प्रश्न होता तिथंच राहतो.

या प्रश्नाचा अभ्यास करायला पुण्याच्या जुन्या बाजारासारखी जागा नाही. पेठ मंगळवार आणि बाजार बुधवारी नि रविवारी, म्हणजे सुरुवातच पुणेरी! पितळी अडकित्ते, तबल्याशिवाय डग्गे, काट्यांशिवाय घड्याळं, किल्ल्यांशिवाय कुलपं आणि कुलपांशिवाय किल्ल्या, असा सगळा संसार गोणपाटावर मांडलेला असतो. माणूस बिजागरी आणायला जातो आणि कंदील घेऊन परततो. 'पाचशे सांगत होता, दीडशेला पटवला!' म्हणजे साडेतीनशे वाचले. मी इतकी वर्षं बँकेच्या काउंटरवर बसतो, पण असे वाचलेले साडेतीनशे भरायला अजून कोणी आलेलं नाही.

सॉक्रेटिस म्हणे अथेन्सच्या बाजारातला माल बघत हिंडायचा आणि यातल्या किती वस्तूंवाचून आपलं काही अडत नाही, याचं त्याला नवल वाटायचं. थोर माणूस! पण त्याला कोणी 'साहेब, शेवटचा भाव शंभर, घेऊन टाका,' म्हणालं नसावं. गरज नसलेल्या वस्तूचा मोह आवरणं एक वेळ जमेल, गरज नसलेली वस्तू निम्म्या किमतीत मिळत असताना तो आवरणं, हे तत्त्वज्ञानाच्या बाहेरचं काम आहे.

तर मग वाया घालवणं म्हणजे नक्की काय? मला याचं उत्तर सापडलं ते घसाऱ्याच्या धड्यात. घसारा काढायच्या दोन पद्धती प्रसिद्ध आहेत. एकीत दरवर्षी सारखी रक्कम कापत जायचं; ठरल्या वर्षी किंमत संपली की वस्तू भंगारात. दुसरीत कापायचं ते उरलेल्या किमतीवर. १००० रुपयांच्या खुर्चीवर दहा टक्के धरले तर ती वर्षानं ९०० ची होते, मग ८१० ची, मग ७२९ ची. दहा वर्षांनी ३४९ उरतात आणि पन्नास वर्षांनीही पाच रुपये उरतातच. शून्य म्हणून कधी येत नाही!

आपल्या आयांनी वाणिज्य शाखेचं तोंड न पाहता संसार या दुसऱ्या पद्धतीनं केला. नऊवारी विरली की तिची गोधडी, गोधडी फाटली की पायपुसणं, त्याचंही सूत सुटलं की स्टोव्ह पुसायचा बोळा. पातेल्याला कल्हई, छत्रीला नवी काडी, आणि थोरल्याची पँट धाकट्याला. पण या हिशेबाला एक अट आहे, आणि ती आपण सोयीस्करपणे विसरतो. घसारा या शब्दातच घासणं आहे. वस्तू वापरली तर ती झिजणार. जी वापरलीच नाही तिला घसारा नाही, तिला लागते ती कसर.

आमच्या वाड्यात एक आजी होत्या. जन्मभर त्यांनी विरलेल्या पंचानं अंग पुसलं. त्या गेल्यावर त्यांची ट्रंक उघडली, तर आत बारा कोरे टॉवेल, घड्याही न मोडलेले. लेकींनी दिलेले, सुनांनी दिलेले, 'चांगले आहेत, असू देत' म्हणून ठेवलेले. घडीवर बोट ठेवलं की कापड तिथंच फाटत होतं. धाकटी लेक ते मांडीवर घेऊन किती तरी वेळ बसली होती. आजींनी पैसा वाया घालवला असं म्हणायची कोणाची छाती होती? तरी काहीतरी वाया गेलं होतं, आणि ते बारा टॉवेलांपेक्षा मोठं होतं.

अमेरिकेत म्हणे लोक नकोशा वस्तू शनिवारी स्वतःच्याच दारात मांडून विकतात. त्यांच्याकडे गॅरेज असतं म्हणून गॅरेज सेल. आपल्याकडे माळा असतो, पण माळा-सेल काही होत नाही. आपण दारात चार पातेली मांडली तर संध्याकाळपर्यंत सोसायटीत बातमी होईल की, यांचं काहीतरी बिनसलंय! पूर्वी ही अडचण बोहारीण सोडवायची. चार साड्या आणि दोन पँटी घेऊन, तासभर भांडून, ती एक स्टीलचा डबा द्यायची. कपडे पुढं कोणाच्या तरी अंगावर जायचे. त्यांचा संसार चालू राहायचा. डबा मात्र आपण माळ्यावर ठेवायचो.

या बाबतीत बँकेचं ऐकावं असं मला वाटतं. दोन वर्षं खातेदारानं व्यवहार केला नाही, तर त्याचं खातं निष्क्रिय ठरतं. दहा वर्षं कोणी फिरकलंच नाही, तर ती रक्कम २०१४ साली काढलेल्या रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते. हाच नियम माळ्याला लावून बघा. दोन वर्षं ज्या वस्तूला हात लागला नाही, ती खाली काढायची. चांगले कप असतील तर उद्याच्या चहाला घ्यायचे. पाहुणे येवोत न येवोत, आपणही या घरात येऊन-जाऊन असतोच. ज्याचा उपयोग नाही ते ज्याला आहे त्याला द्यायचं. दहा वर्षं कशाला थांबता? आणि जुन्या बाजारात जरूर जा, पण जी वस्तू घ्याल ती रविवारी आणून सोमवारी वापरात यायला हवी. एवढं पाळलं, तर दीडशेचा कंदीलसुद्धा काटकसरीत धरायला माझी हरकत नाही.

माझं हे भाषण ऐकून आमच्या सौ. म्हणाल्या, "मग माळ्यावरचं सगळं काढू या का?"

मी म्हटलं, "जरूर!"

"तुमचे बी.कॉम.चे गाईडही?"

बँकेत निष्क्रिय खात्याच्या खातेदाराला एक सोय असते. केव्हाही यावं, ओळख पटवावी आणि पैसे न्यावेत. मी तूर्त त्या सोयीचा फायदा घेतला आहे. माळ्यावर चढलो, गाईड खाली काढलं, घसाऱ्याचा धडा उघडला. दहा टक्क्यांच्या कोष्टकापर्यंतचा भाग शाबूत आहे. पुढची पानं कसरीनं खाल्ली आहेत.