घड्याळ देशाचे, वेळापत्रक गावाचे

डिसेंबरच्या अखेरीस आसामातल्या दिब्रुगडला दुपारी साडेचारच्या आत सूर्य मावळतो. त्या घटकेला कोल्हापुरात रंकाळा तलावावर लख्ख ऊन असते आणि दिवस मावळायला आणखी दीड तासाहून जास्त वेळ असतो. दोन्हीकडची घड्याळे मात्र एकच वेळ सांगतात. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे आणि दर अंशाला सूर्याचे चार मिनिटांचे अंतर पडते. या हिशेबाने कोल्हापूरचा सूर्य घड्याळाच्या सुमारे ३३ मिनिटे मागे, तर दिब्रुगडचा जवळपास ५० मिनिटे पुढे चालतो. कचेरी दोन्हीकडे दहाला उघडली, तर दिब्रुगडची सकाळ वाया जाते आणि काम दिवे लावून उरकावे लागते. म्हणून ईशान्येला वेगळी प्रमाणवेळ द्यावी, अशी मागणी आहे. २०१८ मध्ये राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनीही एक तास पुढची दुसरी वेळ सुचवली. दुखणे खरे आहे, पण उपाय पटत नाही. घड्याळ आहे तसे राहू द्यावे आणि कामाच्या वेळा बदलाव्यात.

तसे करता येते, याचे पुरावे दोन्ही टोकांना आहेत. आसामचे चहामळे पिढ्यान्‌पिढ्या एक तास पुढच्या ‘बागान टाइम’वर चालतात आणि १९५१ च्या मळे कामगार कायद्यात अशा स्थानिक वेळेला जागा होती. कोल्हापुरात तालमीतली मेहनत किंवा कट्ट्यावरचे धारोष्ण दूध कचेरीच्या वेळेची वाट पाहत नाही. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरवले, तेव्हाही घड्याळाच्या काट्याला कुणी हात लावला नाही.

यावर कुणी म्हणेल, की गावोगावी वेगळ्या वेळा झाल्या तर व्यवहार कोलमडतील. पण दिब्रुगडची कचेरी आठ ते चार आणि कोल्हापूरची दहा ते सहा चालली, तरी दोन्ही सहा तास एकाच वेळी उघड्या राहतात. व्यवहाराला तेवढे पुरे. उलट दोन घड्याळांचा घोळ मुंबईने भोगला आहे. १९०६ मध्ये प्रमाणवेळ आल्यावरही ३९ मिनिटे मागची ‘मुंबई वेळ’ त्या शहरात कित्येक वर्षे सोबत चालत राहिली. दुसरा आक्षेप असा, की घड्याळ एकदा बदलले की सगळेच प्रश्न एका फटक्यात सुटतील. पण दोन वेळांमधली रेषा कुठेही ओढली, तरी तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या गावांचा सूर्य जवळजवळ एकाच वेळी उगवणार आणि घड्याळात मात्र तासाचा फरक पडणार. शिवाय कामाच्या वेळा ऋतूनुसार मागेपुढे करता येतात, प्रमाणवेळ तितक्या सहजपणे करता येत नाही.

अडचण आहे ती अधिकाराची. राज्याच्या कचेऱ्या राज्याच्या हाती असतात, पण केंद्राच्या कचेऱ्या आणि बँका दिल्लीकडे पाहतात. त्यांच्या वेळा ठरवण्याचा अधिकार केंद्राने जिल्ह्यांना द्यावा. देशाला एक घड्याळ पुरेसे आहे, एक वेळापत्रक नाही.