तारकशी : हातातून हातात जाणारी साधना



ओडिशातील कटक शहराची तारकशी आपल्यापैकी अनेकांनी ओडिसी नर्तकीच्या अलंकारांत पाहिली असेल. चांदीच्या बारीक तारांची ती नाजूक जाळी. दुर्गापूजेत कटकला देवीच्या मूर्तीमागे चांदीची भव्य आरास उभी राहते, तिला ‘चांदी मेढ’ म्हणतात. तीही याच परंपरेची. २०२४ मध्ये या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाची गोष्ट आहे, पण मानांकन नावाचे रक्षण करते. हात मात्र तयारच व्हावा लागतो. विशीतला तरुण त्या बैठकीवर येऊन का बसेल, हा खरा प्रश्न.

तो काय शिकतो ते आधी पाहू. चांदी मुशीत वितळवून तिची कांडी ओततात, ठोकून लांबवतात आणि जंतरातून, म्हणजे क्रमाने लहान होत जाणाऱ्या भोकांच्या पोलादी पट्टीतून, ओढतात. प्रत्येक भोकातून जाताना तार बारीक होते, तशी ताठही होते. तशीच ओढत राहिले तर तुटते. म्हणून मध्ये थांबायचे, तिला मंद लाल होईपर्यंत तापवून मऊ करायचे, मग पुढचे भोक. ती मंद लाली भर उजेडात दिसत नाही, त्यासाठी जागा अंधारी लागते. पुढे दोन तारांना पीळ द्यायचा, त्या चपट्या करायच्या, चिमट्याने पाने-फुले वळवून जाड तारेच्या चौकटीत बसवायची आणि टाकणखार व झाळ लावून सांधायची. झाळ आधी वितळते, पण चांदीही फार मागे नसते. शुद्ध चांदी सुमारे ९६१ अंश सेल्सिअसला वितळते. ज्योत क्षणभर जास्त रेंगाळली की दिवसभराच्या जाळीचा गोळा होतो. तो क्षण पुस्तकात लिहून देता येत नाही. गुरूच्या शेजारी बसून, ते ज्योत कधी मागे घेतात हे पुन्हा पुन्हा पाहूनच डोळा तयार होतो.

आपल्या पंढरपूरचे संत नरहरी सोनार आठवा. देवापुढे उभे राहताना त्यांनी दुकान बाहेर ठेवले नाही. शेगडी, मूस, सोने हीच त्यांच्या अभंगातली पूजासामग्री. विठ्ठलाच्या करगोट्याची कथाही मापाचीच आहे : माप पुन्हा पुन्हा चुकते, आणि डोळ्यांवरची पट्टी सुटल्यावर हरिहर एकच दिसतात. काम आणि उपासना यांत त्यांनी भिंत घातली नाही.

पण येथे एक कडू गोष्ट बोलायला हवी. आम्ही वाणिज्य शाखेत यंत्राचा घसारा मांडायला शिकतो. हाताचे उलटे : वापराने त्याचे मोल वाढते, आणि वापर थांबला तर एका पिढीत ते शून्य होते. हे कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही. नवख्याचा हात सावकाश चालतो, त्यामुळे कमाई थोडी. त्यात तारकशी वजनाला हलकी आणि मेहनतीला जड. वजनाच्या काट्यावर तोलली की कारागीर हरतो. साच्यातून निघालेला नग शेजारी स्वस्तात मिळतो. अशा तरुणाला ‘त्याग कर, कला वाचव’ एवढाच उपदेश करणे मला तरी पटत नाही. त्याग त्याच्याच वाट्याला का?

देवघरासाठी निरांजन किंवा हुपरीचे पैंजण घेताना आपण चांदीचा भाव निमूटपणे मान्य करतो आणि घासाघीस करतो ती घडणावळीवर. त्या घडणावळीतच त्याची शिकण्याची वर्षे असतात. सेवाभाव मनात असेल तर तो तिथे दिसावा. वस्तू कोणी घडवली, हेही दुकानात विचारावे.

आणि जो शिकायला बसला आहे, त्याच्यासाठी व्यवहारातले थोडेसे. वडीलधाऱ्या कारागिरांचे नमुने त्यांच्या परवानगीने कागदावर उतरवून ठेवा, जुनी नावेही त्यांच्याच बोलीत लिहा. शेजारच्या पानावर प्रत्येक नगाला लागलेले तास टिपा. गिऱ्हाईक घडणावळ विचारेल, तेव्हा ती वही उघडून त्याच्यासमोर ठेवता येईल.