कागदाचा कूळ-विचार

कागदाला चुकून पाय लागला तर आपण तो उचलून कपाळाला लावतो. दिवाळीत वहीपूजन करतो. पण हा कागद कशाचा, हे विचारत नाही. नमस्कार केला की जबाबदारी संपली, ही समजूत आता सोडायला हवी.

मुंबई-नाशिक महामार्गावर, भिवंडी तालुक्यातल्या वडप्याजवळ गोदामांच्या रांगा आहेत. तिथून निघणारी पुठ्ठ्याची खोकी बहुतांशी रद्दीपासून होतात. मग प्रश्न मिटला? नाही. दर पुनर्वापरात तंतू आखूड होत जातात. ताजा तंतू मिसळावाच लागतो. तो झाडाचाच असला पाहिजे, असा निसर्गनियम मात्र नाही. कागदाला लागते सेल्युलोज, आणि ते गवतातही असते. लाकडाचा लगदा आला एकोणिसाव्या शतकात. त्याआधी दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आणि जुन्नरला कागद होतच होता, तोही लाकडाविना. पुण्याच्या हातकागद संस्थेने १९४० पासून चिंध्यांचा कागद केला. तामिळनाडूच्या सरकारी कारखान्यात १९८० च्या दशकापासून उसाच्या बगॅसवर, म्हणजे रस काढून उरलेल्या चिपाडावर, छपाईचा कागद निघतो. आपल्याकडे मात्र विदर्भातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, बांधावर जाळली जाते.

आक्षेप आहेत, आणि ते खरे आहेत. भिवंडी तालुक्यातला भाताचा पेंढा गुरे खातात. तो त्यांच्या तोंडून काढू नये, उरेल तोच घ्यावा. बगॅस साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळते. ती कागदाला दिली आणि बॉयलरला कोळसा घातला, तर तोही हिशेबात धरावा. पेंढ्यात सिलिका भरपूर, त्यामुळे लगद्याच्या काळ्या पाण्यातून रसायने परत मिळवणे अवघड जाते. ज्याला ते जमत नाही, त्याने कारखाना काढू नये. झाड वाचवले म्हणून नदी नासवायची मुभा मिळत नाही.

आणखी एक प्रश्न न्यायाचा. बांबू हेही गवतच. तो वर्षानुवर्षे कागद गिरण्यांना सवलतीत मिळाला, पण ज्यांच्या जंगलातला तो, त्या गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेला तो स्वतः विकण्यासाठी २०११ पर्यंत झगडावे लागले. तंतू बदलला आणि लूट तशीच राहिली, तर त्याला सुधारणा म्हणता येणार नाही.

म्हणून शाळा, बँका, ग्रामपंचायती यांनी कागदाच्या निविदेत तीन प्रश्न घालावेत: तंतू कशाचा, त्याचे पैसे कोणाला, सांडपाणी कुठे? जो उत्तर देणार नाही, त्याचा कागद घेऊ नये.