चित्र गेले, हक्क कुठे गेला?

कलाशिक्षण पुरे करून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यापुढे दोन कामे असतात. केलेले काम लोकांना दाखवायचे आणि त्यावर पोट भरायचे. ही दोन्ही कामे मुळात एकच आहेत, चांगले चित्र नजरेस पडले की गिऱ्हाईक आपोआप येते, ही समजूत जुनी आहे. मोबाइल आल्यापासून तिला नवा जोर चढला. जळगाव जामोदचा मुलगा आणि मुंबईचा मुलगा आता सारखेच, तेव्हा आडगावाचे रडगाणे बंद करा, असे कलाक्षेत्रातली जाणती माणसेही व्यासपीठावरून सांगू लागली आहेत. यात दाखवण्यापुरते तथ्य आहे. विकण्याच्या बाबतीत मात्र हे विधान खोटे आहे, आणि त्यावर विसंबून तालुक्याच्या गावातली होतकरू मुले उमेदीची वर्षे वाया घालवतात.

जळगाव जामोद हे बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले तालुक्याचे गाव. रेल्वे गाठायची तर नांदुऱ्याला जावे लागते आणि तिथून मुंबई पाचशे किलोमीटरांहून दूर. चित्रकलेशी इथल्या मुलाची पहिली गाठ पडते ती एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांत. इंटरमिजिएटला ‘ए’ श्रेणी मिळाली की दहावीला सात गुण वाढतात, ‘बी’ला पाच, ‘सी’ला तीन. चित्राला मोल असते हे राज्यव्यवस्था मुलाला पहिल्यांदा सांगते ते अशा रीतीने, आणि ते मोल चित्राचे नसून टक्केवारीचे असते. पुढे ज्याचा हात चालतो तो एटीडी ही कलाशिक्षकाची पदविका करून ड्रॉइंग मास्तर होण्याची वाट पाहतो, किंवा नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयाची, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची वाट धरतो. खामगावच्या राष्ट्रीय शाळेने चित्रकलेचे शिक्षण जिल्ह्यातच रुजवले, हे तिचे मोठे ऋण आहे. पण शिकून परतलेल्याचे चित्र विकत घ्यायला कोण बसले आहे, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याच शाळेच्या अभ्यासक्रमात नाही.

मुंबईत प्रदर्शन भरवायचे म्हणजे काय, हे आधी नीट पाहायला हवे. चार बाय तीन फुटांचा ताणलेला कॅनव्हास एसटीत मावत नाही. तो चौकटीवरून उतरवायचा, रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळायचा, म्हणजे रंगाचा थर चुरगळत नाही, आणि नळीत घालून न्यायचा. मुंबईत पुन्हा लाकडी चौकट करून त्यावर ताणायचा. दालनाचे भाडे, फ्रेम, निमंत्रणपत्रिका, आठवडाभराचा मुक्काम हे सगळे पहिले चित्र विकले जाण्याआधीच खर्च होते. 1952 साली उघडलेल्या जहांगीर आर्ट गॅलरीचे दालन मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागते. ज्यांना ते मिळत नाही ते बाहेरच्या फुटपाथवर चित्रे लावतात, आणि त्यातली काही आतल्या चित्रांच्या तोडीची असतात.

मोबाइलने हा सगळा खर्च वाचतो हे खरे. पण तळहाताएवढ्या काचेवर चित्राचा आकार कळत नाही, रंगाचा थर कळत नाही. मुख्य म्हणजे विकत घेणाऱ्याला हवा असलेला भरवसा तिथे मिळत नाही. हा चित्रकार दहा वर्षांनीही चित्रे काढत असेल का, सांगितलेला भाव रास्त आहे का, हे अनोळखी माणसाला कोणी तरी सांगावे लागते. मुंबईच्या आधुनिक चित्रांचा बाजार अशा सांगणाऱ्यांनीच उभा केला. 1947 साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला आणि 1949 साली त्याचे प्रदर्शन भरले. त्यामागे युरोपातून परागंदा होऊन आलेले तिघे जण होते. रुडी फॉन लायडन वृत्तपत्रांत लिहीत होते, वॉल्टर लँगहॅमर चित्रकारांना घरी बोलावून शिकवत होते आणि इमॅन्युएल श्लेसिंगर चित्रे विकत घेत होते. केकू गांधी यांनी 1941 च्या सुमारास चित्रांच्या चौकटींचा ‘केमोल्ड’ हा व्यवसाय सुरू केला, त्याच दुकानात चित्रे टांगली आणि 1963 साली जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी काढली. ही सगळी माणसे मुंबईतच होती. नागपूरच्या कलाशाळेत शिकलेल्या सय्यद हैदर रझांनाही या वर्तुळात यायला आधी मुंबई गाठावी लागली. फोनवर चित्र दिसते, पण हे वर्तुळ फोनमधून येत नाही.

आणखी एक तोटा आहे. फोनवर टाकलेले चित्र कोणीही उचलून गणेश मंडळाच्या फ्लेक्सवर छापतो. मार्च 2025 मध्ये जपानच्या घिबली स्टुडिओच्या धाटणीची चित्रे यंत्राकडून बनवून घेण्याची लाट आली, तेव्हा आयुष्यभर कमावलेली शैली क्षणात कशी उसनी नेता येते हे जगाने पाहिले. दाखवणे जितके सोपे झाले, तितके आपले चित्र आपल्याकडे राखणे अवघड झाले. इतिहासातही प्रश्न नेहमी दाखवण्यापेक्षा राखण्याचाच राहिला आहे.

बुलढाण्याच्या पश्चिमेला असलेल्या अजिंठ्याचेच उदाहरण आहे. 1872 पासून 1885 पर्यंत जे. जे.चे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. मशालीच्या आणि आरशांनी आत वळवलेल्या उजेडात कोऱ्या कापडावर ते चितारत होते. पेस्तनजी बोमनजींसारखा हातखंडा असलेला चित्रकार त्यात होता. महाराष्ट्रातल्या कलाविद्यार्थ्यांचे काम इतक्या मोठ्या प्रमाणावर जगापुढे गेल्याचा हा पहिला प्रसंग. नकला लंडनला गेल्या, 1885 सालच्या आगीत त्यांतल्या बऱ्याच जळाल्या, आणि 1896-97 मध्ये दोन खंडांचा भव्य ग्रंथ निघाला तो ग्रिफिथ्स यांच्या नावावर. प्रदर्शन झाले, कीर्ती झाली, विद्यार्थ्यांची नावे मात्र अभ्यासकांपुरती उरली.

राजा रविवर्मा यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. मूळ चित्र संस्थानिकाकडे आणि त्याची छापील प्रत झोपडीत, हा चमत्कार त्यांनी घडवला. पण कर्ज चढले आणि छापखाना त्यातल्या चित्रांच्या छपाईच्या हक्कासह फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. पुढची कितीतरी दशके भिंतीभिंतीवर लागलेल्या लक्ष्मी-सरस्वतीवर नाव रविवर्मांचे राहिले आणि धंदा दुसऱ्याचा झाला.

नाव जाण्याच्या आणि धंदा जाण्याच्या या दोन्ही तोट्यांना मराठीत एकाच चित्रकाराने पुरते उत्तर दिले, ते म्हणजे दीनानाथ दलाल. गोव्यात 1916 साली जन्मलेले दलाल जे. जे.मध्ये शिकले आणि मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटून बसले. पुस्तकांची वेष्टने, कॅलेंडरे, जाहिराती असे मागणीचे काम ते करत होते. त्यांच्या काळी शुद्ध कला आणि व्यापारी कला यांच्यात उभी भिंत होती. जे. जे.मध्ये 1935 साली व्यापारी कलेचा विभाग निघाला आणि त्याने शेकडो घरे पोसली, तरी भिंत पडली नाही. पैशासाठी काढलेले चित्र हलके, हा ग्रह पक्का होता. दलालांवर हाच आक्षेप आजही घेतला जातो. त्यांच्या नायिका गोड आहेत, रेषा लाडिक आहे, जीवनातले खडबडीत काही त्यांत येत नाही, असे म्हटले जाते.

आक्षेपातला शैलीचा भाग ज्याने त्याने आपल्या रुचीप्रमाणे ठरवावा. पण या टीकाकारांच्या नजरेतून दलालांचे खरे धाडस निसटले आहे. 1945 साली त्यांनी ‘दीपावली’ हा दिवाळी अंक सुरू केला. मराठीत दिवाळी अंकाची प्रथा काशीनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने 1909 मध्येच पाडली होती. त्यात चित्रकार हा संपादकाने बोलावलेला, मानधन घेऊन जाणारा कारागीर होता. ‘दीपावली’त हा क्रम उलटला. चित्रकारच मालक आणि संपादक झाला, आणि नामवंत लेखक त्याच्या अंकात लिहू लागले. कोणत्या विषयावर रंगीत चित्रांची मालिका काढायची, ती कोणत्या कागदावर छापायची, हे त्याच्या हातात आले. वाचकाने अंक घेतला की प्रदर्शन आणि विक्री दोन्ही एकाच वेळी झाली. वऱ्हाडातल्या वाचनालयात जहांगीरची पायरी न चढलेला वाचक मुखपृष्ठावरची ‘दलाल’ ही सही ओळखत होता. कित्येक घरांत अंकातली पाने कापून, काच लावून भिंतीवर टांगली गेली. बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या ‘राजा शिवछत्रपती’तली त्यांची चित्रे तर पिढ्यांच्या डोळ्यांपुढचा शिवकाळ झाली. 1971 साली ते गेले तोपर्यंत आपल्या चित्राच्या वाटेवरची जवळजवळ प्रत्येक पायरी त्यांनी स्वतःच्या ताब्यात ठेवली होती. दालनाची मेहेरबानी नाही, दरबाराचा आश्रय नाही, आणि चित्रावरची सही कायम आपली. कलाशाळांनी आपल्या विद्यार्थ्यांना शिकवायला हवा असा हा धडा आहे, आणि तो शिकवला जात नाही याचा खेद वाटतो.

यावर एक आक्षेप मात्र बिनतोड आहे. दलाल मुंबईत होते. छापखाने, जाहिरातदार, लेखक आणि अंक विकत घेऊन वाचणारा मध्यमवर्ग त्यांच्या हाताशी होता. जळगाव जामोदच्या बावीस वर्षांच्या मुलीला आज अंक काढा म्हणणे म्हणजे तिला कर्जात लोटणे आहे, आणि कर्ज काय करते हे रविवर्मांच्या छापखान्याने दाखवले आहे. माध्यमाची मालकी हे उत्तर खरे असले तरी एखाद्यालाच झेपणारे आहे. बाकीच्यांसाठी उत्तर वेगळीकडे शोधायला हवे, आणि ते याच सातपुड्याच्या पायथ्याला, फैजपूरला, एकदा सापडले होते.

डिसेंबर 1936 मध्ये तिथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. गांधीजींनी सजावटीसाठी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावले. बांबू, चटया, गवत असे आसपास मिळणारे सामान आणि गावातले कारागीर यांच्या बळावर नगर उभे राहिले. फेब्रुवारी 1938 मध्ये हरिपुऱ्याच्या अधिवेशनात बोस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गावकऱ्यांच्या रोजच्या कामांची चित्रे कागदावर काढून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशी लावली. इथे चित्र शहरातल्या गिऱ्हाइकाकडे गेले नाही. गावातल्या सार्वजनिक कार्याने चित्रकाराला कामाला बोलावले.

तालुक्याच्या गावातही असे गिऱ्हाईक आहे. नगरपरिषद आहे, शाळा, पतसंस्था, बाजार समिती, दवाखाने, मंदिरे आहेत. जिल्ह्यातला चित्रांचा सर्वांत मोठा बाजार कोणत्याही दालनात नसून शेगावला गजानन महाराजांच्या मंदिराभोवतीच्या दुकानांत आहे. वारकऱ्याच्या पिशवीतून तसबीर घरोघर जाते. ती कोणी काढली हे तिच्यावर सहसा छापलेले नसते. स्वच्छतेच्या मोहिमांत गावोगावच्या भिंती रंगतात, पण काम ठेकेदारामार्फत आणि चौरस फुटाच्या भावाने. त्या भावात आराखडा करण्याचे डोके आणि रंग मारण्याचा हात एकाच मापाने मोजले जातात. फ्लेक्स आल्यावर बाजारपेठेतला पाटी रंगवणारा पेंटर बसला तो याच भावामुळे. यंत्र चौरस फुटात त्याच्यापेक्षा स्वस्त पडले, आणि त्याच्या अक्षराचा वेगळा दर कोणी कधी ठरवलाच नव्हता. भिंत द्यायची तर आराखड्याचे पैसे वेगळे, रंगकामाचे वेगळे आणि कोपऱ्यात चित्रकाराचे नाव, एवढी अट नगरपरिषदेच्या निविदेत घालता येते. त्यासाठी नव्या योजनेची गरज नाही.

कायदा चित्रकाराच्या बाजूने बराच आहे, फक्त तो कलाशाळेत शिकवला जात नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रकाराने आपणहून काढलेले चित्र विकले तरी त्याच्या प्रती छापण्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो, हयातभर आणि नंतर 60 वर्षे. विकत घेणाऱ्याला मिळते ती वस्तू. मागणीवरून पैसे घेऊन काढलेल्या चित्राचे मात्र उलट आहे. वेगळा करार नसेल तर कलम 17 प्रमाणे हक्काचा पहिला मालक मागणी करणारा ठरतो. जळगाव जामोदला जे काम मिळते ते बहुतेक मागणीचेच, म्हणून इथल्या चित्रकाराला करार जास्त लागतो. हक्क द्यायचाच झाला तर कलम 19 प्रमाणे तो लेखी आणि सहीनिशीच देता येतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते.

नागपुरात 1924 साली जन्मलेले वासुदेव गायतोंडे 2001 मध्ये गेले, आणि 2013 च्या डिसेंबरात मुंबईच्या लिलावात त्यांच्या एका चित्राला 23 कोटी 70 लाख रुपये मिळाले. असे पैसे चित्र पुन्हा विकणाऱ्यांमध्ये फिरतात हे ओळखून 1994 मध्येच कायद्यात कलम 53 अ घातले गेले. दहा हजारांहून जास्त किमतीला मूळ चित्र पुन्हा विकले गेले तर चित्रकाराला किंवा वारसांना त्यात वाटा मागता येतो, आणि तो दहा टक्क्यांपर्यंत असू शकतो. हा वाटाही हक्काचा पहिला मालक असलेल्या चित्रकारालाच मिळतो. पतसंस्थेच्या सभागृहासाठी साध्या पावतीवर काढून दिलेल्या चित्राला तो लागू होत नाही. ‘छपाईचे व पुनरुत्पादनाचे सर्व हक्क चित्रकाराकडे’ ही ओळ पावतीवर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या, तर तेच चित्र या कलमाच्या कक्षेत येते.