छायाचित्र आणि अहिंसा

पक्ष्याचे छायाचित्र काढताना हिंसा घडते का? जळगाव जिल्ह्यात तापीवरील हतनूर जलाशयावर हिवाळ्यात स्थलांतरित बदके उतरतात. होडी फार जवळ गेली की थवा चरणे सोडून उडतो आणि परतीच्या प्रवासासाठी साठवायची शक्ती वाया जाते. बागेत घरट्यासमोरची फांदी छाटली, तर पिले उन्हाला आणि कावळ्यांना उघडी पडतात. जैन विचारात हिंसा कृत, कारित आणि अनुमोदित अशी तिन्ही प्रकारे घडते. म्हणून असे चित्र काढणारा, काढवून घेणारा आणि वाखाणणारा असे तिघेही दोषाचे वाटेकरी ठरतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही वन्य पक्ष्यांची घरटी वा अंडी छेडणे शिकारीतच गणले आहे. पक्षी आपले काम निर्धास्त चालू ठेवील, इतक्या अंतरावर थांबून केलेले निरीक्षणच निर्दोष होय.