पसंतीक्रम भरण्याआधी

आई वाघजाई, तुझं जुनं देऊळ कोयनेच्या पाण्याखाली गेलं. तुझा टाक आजीच्या आईनं पाटीत घालून सोलापूरकडच्या या माळावर आणला. म्हणून हे तुलाच सांगते.

उद्या संध्याकाळपर्यंत कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा आहे. मला सिव्हिल इंजिनिअरिंग करायचंय आणि राज्यशास्त्रही. घरचे म्हणतात, एक काहीतरी धड कर. पण आजीचं बोलणं कानातून जात नाही: "भिंत बांधणारा सायब येगळा, जमीन देणारा सायब येगळा. ह्याचं त्याला ठावं न्हवतं." कोयना धरणाची ती १०३ मीटर उंच भिंत १९६७चा भूकंप झेलून, तडे जाऊनही उभी राहिली, याचं मला खरंच अप्रूप आहे. पण पुनर्वसनाचा कायदा व्हायला १९७६ उजाडलं. तोवर आपली माणसं रायगड, सांगली, सोलापूर अशी पांगून गेली होती. ती भिंत आणि तो कायदा, दोन्ही मला एकाच डोक्यात हवेत.

२०२२पासून दोन पदव्या एकदम घेता येतात, फक्त तासांच्या वेळा एकमेकांवर यायला नकोत. इंजिनिअरिंगची प्रॅक्टिकल्स दुपार खाऊन टाकतात. पुण्यातलं, शिवाजीनगरचं १८५४चं इंजिनिअरिंग कॉलेज, आता विद्यापीठ झालेलं, ते मिळालं तर नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बीए करेन. रात्री वाचेन, रविवारी वाचेन. पण वाद घालायला शेजारच्या बाकावर कुणी नसेल, याची धास्ती वाटते. राज्यशास्त्र एकटीनं वाचून येतं का गं आई? एका खासगी विद्यापीठात दोन्ही विषय एकाच आवारात आहेत. तिथली फी ऐकली आणि बाबा काही न बोलता उठून गोठ्यात गेले.

बाबांवर कर्ज होऊ देऊ नकोस. घाबरून मी एक विषय सोडला, असंही होऊ देऊ नकोस. असं ठिकाण दे, जिथं भिंतीवरचा पाण्याचा दाब काढून झाल्यावर मी "या पाण्याखाली कोण गेलं?" असं विचारलं, तर सर पाठ फिरवून फळा पुसायला लागणार नाहीत. आणि लागलेच, तर पुन्हा हात वर करायचं बळ दे.

आजी बाहेर शेंगा फोडत बसलीय. उद्या ती विचारेल, "कुठं घातलंस नाव?" तेव्हा मला तिच्या डोळ्यांत बघून सांगता येऊ दे.