माळ उतरत नाही

ठरवलेली गोष्ट हुकली, म्हणजे तिच्यासाठी केलेले कष्ट वाया गेले का? शेती करणाऱ्याला हा प्रश्न नवा नाही. पण मला तो खऱ्या अर्थानं पडला तो पळण्यामुळं.

डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं आणि शेचाळिसाव्या वर्षी मी पाटाच्या कडेनं पळायला लागलो. पुढं सातारच्या हिल मॅरेथॉनची ओढ लागली. २१ किलोमीटर, आणि त्यात यवतेश्वरचा घाट. तो घाट एकदाही न थांबता चढायचा, एवढंच मनात धरलं होतं. आठ महिने पहाटे उठलो.

शर्यतीच्या आदल्या रात्री म्हैस अडली. रेडकाचा पाय मुडपलेला होता. गुरांचे डॉक्टर येऊन सुटका होईस्तोवर तीन वाजले, आणि वार काही पडेना. बायको म्हणाली, "तुम्ही जावा, मी बघते." पण रात्रभर उभी राहिलेली तीही होतीच. मी थांबलो. तिकडं लोक घाट चढत असतील, तेव्हा मी गोठ्यात शेण ओढत होतो. यात त्याग वगैरे काही नाही. गोठा असलेला कुणीही थांबलाच असता.

खरी अडचण सोमवारी आली. पहाटे पाटावर शेजारचा पोरगा भेटला. म्हणाला, "तात्या, आता कशाला पळताय? शर्यत तर झाली की!"

त्याचं काय चुकलं? शर्यतीसाठीच पळत असेन, तर सोमवारी पळायला काही कारण नव्हतं. आणि "पुढच्या वर्षी बघू" म्हणणं हा तर सोडून देण्याचा सगळ्यात सोपा रस्ता. त्यात सोडल्याची लाजही वाटत नाही.

तेव्हा मला आमचे थोरले चुलते आठवले. आबा दरवर्षी लोणंदहून माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत जायचे. एक वर्ष चुलती अंथरुणाला खिळली आणि ते गेले नाहीत. पालखी लोणंदला आल्याचं कळलं तेव्हा त्यांनी डोळे पुसले. चुकलेली वारी चुकलीच, तिची भरपाई नसते. पण गळ्यातली माळ उतरली नाही, एकादशी सुटली नाही, संध्याकाळचा हरिपाठ सुटला नाही. पुढच्या आषाढात परत पडशी खांद्यावर.

जगातल्या मोठ्या धावपटूंचंही असंच होतं. फिनलंडच्या पावो नुर्मीला १९३२ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन पळायची होती. पळण्याचे पैसे घेतो, असा ठपका ठेवून त्याला उतरूच दिलं नाही. ती शर्यत त्याला कधीच परत मिळाली नाही. पण १९५२ साली हेलसिंकीला, आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं त्याच ऑलिंपिकला, मैदानात ज्योत घेऊन पळत आला तो ५५ वर्षांचा नुर्मीच.

म्हणून मला वाटतं, हुकल्याचं दुःख नाकारू नये. "त्यात काय एवढं" म्हणणारा बहुधा ध्येयही हलक्यातच घेतो. तारीख कुणीतरी दुसरा ठरवतो. ती म्हशीमुळं जाते, पावसामुळं जाते, मयतीमुळं जाते. रोजची पहाट मात्र बरीचशी आपल्या हातातली. शरीराला शर्यतीची तारीख कळत नाही. दोन-चार आठवडे बसून काढले की दम कमी होतो, एवढं त्याला कळतं. ध्येय धरून ठेवलंय असं तोंडानं म्हणणाऱ्यानं हा हिशोब स्वतःशी रोज करावा.

त्या पोराला मी एवढंच म्हणालो, "घाट अजून चढायचा राहिलाय रं." सध्या रोज आठ किलोमीटर होतात, रविवारी चौदा. घाटाच्या सरावाला गावामागची टेकडी आहे. तिथं अजून दोनदा थांबावं लागतं.